क्रॉन आणि तुमवॉटरचं मेपल

'झाडांचा डीएनए तपासणाऱ्या रिच क्रॉन यांचं काम शोधनिबंधांपुरतं, जंगलाला त्याचा काय उपयोग?' असं म्हणणं मला पटत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला २०२१ चा खटलाच बघा. तिथल्या ऑलिंपिक राष्ट्रीय जंगलातलं बिगलीफ मेपल या झाडाचं लाकूड चोरून तुमवॉटर गावातल्या लाकूड कापायच्या गिरणीला विकलं होतं. गिटारसाठी या लाकडाला चांगला भाव मिळतो. विकणाऱ्याकडे खासगी जमिनीवरची झाडं तोडण्याचा परवाना होता, म्हणजे कागद चोख! पण अमेरिकी वनखात्याचे जनुकशास्त्रज्ञ क्रॉन यांनी साक्षीत सांगितलं, की गिरणीतल्या लाकडाचा डीएनए जंगलात उरलेल्या तीन झाडांच्या अवशेषांशी जुळतो. हा योगायोग असण्याची शक्यता एकावर ३६ शून्यं एवढ्या संख्येत एक. आरोपी दोषी ठरला.

अर्थात खुंटच उपटून नेला, तर नमुना जुळवणार कशाशी?