भोपाळच्या टाकीत पाणी गेलं कसं?

सासवडकर:
रविवारी जेवताना सासऱ्यांशी जरा वाजलं. विषय 1984 ची भोपाळची वायुगळती. त्यांचं म्हणणं, एका नाराज कामगाराने होज (पाण्याची रबरी नळी) लावून मुद्दाम टाकीत पाणी सोडलं, हे केव्हाच सिद्ध झालंय, उगाच कंपनीच्या नावाने खडे फोडू नका. मी आजवर ऐकलं ते असं की पाइप धुताना पाणी आत गेलं. दोघांकडेही पुरावा शून्य, आवाज मात्र भरपूर. इथे केमिकल लाइनमधली माणसं आहेत म्हणून विचारतो, नक्की काय झालं होतं? माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला कळेल असं सांगा.

मिंटू_कल्याण:
काय व्हायचंय? युनियन कार्बाइड या अमेरिकन कंपनीचा अध्यक्ष अँडरसन, त्याला 7 डिसेंबरला पकडला आणि त्याच दिवशी जामिनावर सोडून सरकारी विमानाने दिल्लीला पोचवला. 2014 मध्ये तिकडे अमेरिकेतच मेला, इथल्या खटल्याला एकदाही उभा न राहता. बाकी केमिस्ट्री आबा सांगतील.

रसायनीचे_आबा:
सांगतो. पाताळगंगा पट्ट्यात आयुष्यभर शिफ्टा काढल्या, ऑपरेटर म्हणून लागलो, शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झालो. तेव्हा हा विषय निघाला की माझी गाडी लवकर थांबत नाही, आधीच सांगून ठेवतो.

युनियन कार्बाइड तिथे सेव्हिन नावाचं कीटकनाशक बनवायची. फॉस्जीन आणि मिथाइल अमाइनपासून मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, आणि एमआयसी व नॅफ्थॉलपासून सेव्हिन. हा एमआयसी साधारण 39 अंशांना उकळतो, आणि पाणी लागलं की तापत सुटतो. म्हणून तो शून्याच्या आसपास थंड ठेवायचा. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री ई-610 या जमिनीत पुरलेल्या टाकीत तो सुमारे 40 टन होता.

त्या रात्री साडेनऊच्या सुमाराला बाजूच्या पाइपलाइनी पाण्याने धुवायला घेतल्या. लाइन धुताना पुढच्या भागाकडे पाणी जाऊ नये म्हणून ब्लाइंड टाकतात. ब्लाइंड म्हणजे पाइपच्या जोडावरच्या दोन फ्लँजांच्या (कड्यांच्या) मध्ये सरकवायची लोखंडी चकती, दिसायला भाकरीसारखी. नट ढिले करायचे, चकती सरकवायची, परत कसायचं. काम किचकट नाही, कंटाळवाणं आहे. तिथे ती टाकली नव्हती. नुसत्या व्हॉल्व्हच्या भरवशावर लाइन धूत नाहीत, कारण जुना व्हॉल्व्ह बंद केला तरी पास होतो, म्हणजे थोडं थोडं पाणी सोडतो, हे पहिल्या महिन्यातला हेल्परसुद्धा सांगेल. त्यात मे महिन्यात दोन व्हेंट लाइनी, म्हणजे गॅस बाहेर काढायचे पाइप, एका जंपरने (जोडपाइपने) जोडलेल्या. पाणी त्या वाटेने टाकीपर्यंत उतरलं, ही झाली वॉटर वॉशिंगची गोष्ट.

तुमच्या सासऱ्यांची गोष्ट कंपनीने नेमलेल्या आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेची. 1988 मध्ये त्यांनी मांडलं की कुणीतरी टाकीचा प्रेशर गेज काढून तिथे थेट होज लावला. कंपनी आजतागायत तेच सांगते. पण ‘सिद्ध झालं’ म्हणायला कुठल्या कोर्टात झालं?

आता माझं मत. पाणी कसं गेलं यावर लोक चाळीस वर्षं भांडतायत आणि त्या भांडणात कंपनीचाच फायदा आहे. माझ्यासारखा माणूस आधी हे बघतो की पाणी गेल्यावर काय काय चालू होतं.

थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन जूनपासून बंद. त्यातला थंडावा देणारा फ्रीऑन वायू काढून दुसरीकडे वापरला. म्हणजे टाकी बाहेरच्या हवेइतकीच गरम.
गॅस कॉस्टिक सोड्याने मारणारा स्क्रबर ऑक्टोबरपासून स्टँडबायवर.
उरलेला गॅस जाळणारा फ्लेअर तोडलेला, कारण त्याच्याकडे जाणारा पाइपचा तुकडा गंजला म्हणून काढला होता आणि नवा बसवला नव्हता.
पाण्याचे फवारे होते, पण गॅस जिथून निघत होता त्या 33 मीटर उंचीपर्यंत ते पोचतच नव्हते.
एक टाकी रिकामी ठेवायची असते, गरज पडली तर माल तिकडे ढकलायला. ती रिकामी नव्हती.

पहिल्या तिन्ही गोष्टी एकाच रात्री बंद पडल्या नव्हत्या हो, एकेक करून बंद केल्या होत्या. कारखाना तोट्यात, माल खपत नाही, विकायचा विचार चाललेला, माणसं कमी केलेली. एमआयसीच्या शिफ्टला बारा जण असायचे तिथे सहा उरलेले. मेंटेनन्सचा सुपरवायझर रात्रपाळीतून काढून टाकलेला.

साडेदहाच्या आधी टाकीचं प्रेशर 2 पाउंड (दर चौरस इंचाला) होतं, पाळी बदलल्यावर 10. नव्या पाळीच्या माणसाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण 2 ते 25 नॉर्मलच. मला हा आकडा फार छळतो. लॉगशीटवर मागच्या पाळीचा आकडा वाचला असता तर तासाभरात पाचपट झालंय हे दिसलं असतं. साडेअकराला डोळे चुरचुरायला लागले, गळती आहे हे कळलं, ठरलं काय तर चहा झाल्यावर बघू. यावरून लोक त्या कामगारांना शिव्या घालतात. मी घालणार नाही. त्या प्लांटमध्ये डोळे रोजच चुरचुरायचे. डिसेंबर 1981 मध्ये फॉस्जीनने एक कामगार मेला होता, राजकुमार केसवानी या पत्रकाराने 1982 पासून छापून छापून ओरडा केला होता, काही हललं नाही. मग चहा आधी येणारच.

मध्यरात्रीनंतर काटा टोकाला गेला, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, म्हणजे दाबाने आपोआप उघडला, पुढे तासा-दोन तासांत जवळपास सगळा एमआयसी बाहेर. हवेपेक्षा जड, म्हणून वर न जाता जमिनीलगत पसरला, आणि वारा गावाच्या दिशेने. कारखान्याचा बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला, लोक घाबरू नयेत म्हणून. ओलं फडकं तोंडावर धरा, धावू नका, एवढं कुणी आधी शिकवलं असतं तर कितीतरी माणसं वाचली असती. धावणारा जास्त श्वास घेतो.

सुलभा_भोपाळ:
आबा, आमचं घर तेव्हा टी. टी. नगरला, तळ्याच्या या बाजूला, म्हणून आम्ही वाचलो. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाई कारखान्याजवळच्या छोला वस्तीतल्या. त्यांना गॅस लागली, नवरा त्याच आठवड्यात गेला. पुढची गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली, पण बाईंच्या हातात आधी आले महिना 200 रुपये. पुढे दावा लागला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या आजारासाठी 25,000 मंजूर झाले, त्यातून ते आधीचे 200-200 वजा करून! त्या रात्री तुम्ही तिथेच होतात याचा कागद आणा, दवाखान्याची चिठ्ठी आणा. जीव घेऊन पळणारी बाई चिठ्ठ्या सांभाळते का? त्यांचे फॉर्म मी भरायची, म्हणून सगळं पाठ आहे.

सरकार मृतांचा आकडा आधी 2,259 सांगायचं, मग 3,787, नुकसानभरपाई मात्र 5,295 मृत्यूंची दिली. संघटना वीस हजारांच्या पुढे सांगतात. आणि कारखान्याच्या आवारातला कचरा, तो 2025 च्या जानेवारीत कुठे हलला! 337 टन, पीथमपूरला नेऊन जाळला. तिथल्या लोकांनीही आम्हाला नको म्हणून आंदोलन केलं. जमिनीत मुरलेलं अजून तिथेच आहे, आजूबाजूच्या वस्त्यांच्या हातपंपाचं पाणी बाधलं ते त्यानेच.

सासवडकर:
सुलभाताई, वाचून जेवण गोड लागेना. आबा, एक शेवटचं. समजा खरंच कुणी होज लावला असेल, तर सासरे बरोबर ना?

रसायनीचे_आबा:
पाणी होजने गेलं असं धरा, चला. त्या एका माणसाने फ्रीऑनही काढला? फ्लेअरचा पाइपही तोच घेऊन गेला? स्क्रबर त्याने स्टँडबायवर टाकला? चिडलेला, झोपाळलेला, नवखा माणूस प्रत्येक पाळीत असतो, तो असणार हे धरूनच प्लांट उभारायचा असतो. आणि 40 टन साठवायची मुळात गरजच नव्हती. एमआयसी न बनवता सेव्हिन करण्याची पद्धत होती, कार्बाइडने स्वतः ती पूर्वी वापरलेली.

सासऱ्यांना आणखी एक सांगा. 7 जून 2010 ला भोपाळच्या कोर्टाने ज्यांना दोषी धरलं त्यात होज लावणारा कोणी नाही. इथल्या भारतीय कंपनीचे अध्यक्ष, मॅनेजिंग डायरेक्टर, वर्क्स मॅनेजर अशी नावं आहेत, खाली प्रॉडक्शन असिस्टंटपर्यंत. शिक्षा दोन वर्षं, जामीन त्याच दिवशी. कलमच निष्काळजीपणाचं उरलं होतं, 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने सदोष मनुष्यवधाचं मोठं कलम काढल्यामुळे. तेव्हा वाद घालायचाच असेल तर त्या कलमावर घाला, मीही येतो जेवायला.