पापुद्रा आणि पदर

पापुद्रा आणि पदर हे शब्द एकाच अर्थाचे आहेत, हे मत मला पटत नाही. भाकरी तव्यावरून विस्तवावर टाकली की आतल्या वाफेने तिचा जो पातळ वरचा भाग सुटून येतो, तो पापुद्रा. तो कोणी मुद्दाम घातलेला नसतो. घडीच्या पोळीत मात्र उंडा थोडा लाटून, तेल लावून, घडी घालून पुन्हा लाटला जातो, आणि त्या घडीमुळे सुटतात ते पदर. चिरोट्यालाही, साटा (तूप आणि पीठ फेसून केलेले मिश्रण) लावलेल्या पोळ्या एकावर एक रचून गुंडाळल्यामुळे, पदरच सुटतात. माझ्या मते खरा भेद इथेच आहे: पापुद्रा मूळ वस्तूपासून विलग होतो, तर पदर वस्तूच्या घडणीतच असतो. म्हणून कांद्याचा, अभ्रकाचा पापुद्रा निघतो. परंतु हार तीनपदरी आणि रस्ता चौपदरी असतो, आणि तेथे तर पातळपणाचा संबंधही उरत नाही. एखाद्या प्रश्नाला अनेक पदर असतात असे आपण म्हणतो. तेथे ‘पापुद्रे’ म्हटले, तर प्रश्न वरवरचा आहे असे वाटू लागेल. बोलण्यात पोळीचेही पापुद्रे म्हणतात, हे मान्य आहे. लिहिताना मात्र हा भेद जपावा, असे मला मनापासून वाटते.