नवरा द्राक्षबागेत, लग्नाचा वाढदिवस ऐन हंगामात. प्रेम पोचवायचं कसं? सल्ला हवा

गंगापूररोडकर (धागाकर्ती):
नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये शाळेत शिकवते. नवऱ्याची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझी नोकरी आणि लेकीचं शिक्षण यामुळे आम्ही दोघी शहरात राहतो, आणि तो ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत बहुतेक मळ्यावरच असतो. लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात. म्हणजे थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), मजुरांची जुळवाजुळव, सगळं एकदमच.

शर्ट, घड्याळ, पाकीट सगळं देऊन झालं. तो आनंदाने घेतो आणि कपाटात ठेवतो. औषधाच्या पंपाजवळ नवं घड्याळ घालणार तरी कधी? यंदा ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला, डावणी (बुरशीचा रोग) आली, बरेच घड कुजले. फोनवर विचारलं की "बरंय" एवढंच म्हणतो. जेवायला बाहेर नेलं तर डोळे हवामानाच्या अ‍ॅपवर. त्याचे कष्ट मला दिसतात, त्याची मला किंमत आहे, हे त्याला कळावं एवढंच हवंय. तुमच्या घरी काय करता? पैशाचा प्रश्न नाही, वेळेचा आहे.

सिडकोवासी:
गंगापूर धरणाच्या बाजूला चांगली रिसॉर्ट आहेत. एक रात्र बुक करा, दोघांचेही फोन बंद ठेवा. माणसाला जरा बाहेर काढावं लागतं, नाहीतर तो निघतच नाही.

निफाडची सून:
ताई, मनापासून सांगते, डिसेंबरात त्यांना मळ्यावरून हलवू नका. रिसॉर्टमध्ये रात्री ढग आले तर ते पलंगावर असतील, जीव बागेत असेल. तुम्हीच तिकडे जा.

आमच्याकडेही द्राक्षंच. लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं, ह्यांना माझ्याशी बोलायला वेळच नाही. पुढे बागेतलं एक काम मी माझ्याकडे घेतलं, फवारणीच्या नोंदींचं. निर्यातीच्या बागेची ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर) नोंदणी असते, मग प्रत्येक फवारणी लिहून ठेवावी लागते: तारीख, प्लॉट, औषध, लिटरला किती, आणि त्या औषधानंतर किती दिवस माल तोडायचा नाही. द्राक्षात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या तपासणीत नमुना नापास झाला तर वर्षाची मेहनत गेली. दिवसभर फवारणीचा ब्लोअर चालवून आलेला माणूस रात्री वही काढत नाही, पण लिहायचं राहिलं हे त्याच्या डोक्यात टोचत राहतं. मी वही धरली आणि आमचे हे रोज संध्याकाळी शेजारी बसून सांगू लागले. औषधाच्या नावावरून सुरू झालेलं बोलणं मजुरांवर जाई, तिथून कर्जाच्या हप्त्यावर. जे मला विचारूनही कळत नव्हतं ते वहीच्या निमित्ताने कळलं.

अजून एक. पाऊस पडला की "काही होणार नाही" असं म्हणू नका. त्यांना माहीत असतं काय होणार आहे ते. "कुठला प्लॉट आधी बघायचा?" असं विचारा आणि सोबत चला.

पंचवटी पासधारक:
पुरुषाच्या बाजूने लिहितो. मी रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो, रात्री नाशिकरोडला उतरतो. घरात पाऊल टाकल्यावर पहिला अर्धा तास बायको मला काहीच विचारत नाही. हातपाय धुतो, जेवतो, मग आपणहून बोलतो. हे तिने कुठे वाचलेलं नाही, तिच्या लक्षात आलं. इतकं कुणी आपल्याकडे बघतंय हे कळलं की थकवा निम्मा होतो. मी रविवारी भाजी आणतो, सकाळचा स्वयंपाक करतो, तिला झोपू देतो.

पण ताई, तोंडानेही सांगा. आम्ही लोक "बरंय" म्हणतो कारण आम्हाला पुढचं बोलता येत नाही. समोरच्याने स्पष्ट म्हटलं, "तू या वर्षी फार सोसलंस, मला दिसतंय," तर ते वाक्य आम्ही वर्षभर जवळ ठेवतो. नुसत्या कामातून कळेल असं धरून चालू नका.

पाणपक्षी:
बाग निफाड तालुक्यातच असेल तर नांदूरमधमेश्वर अगदी जवळ. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० साली तशी घोषणा झाली. डिसेंबरात स्थलांतरित बदकं असतात, नशीब असेल तर क्रौंच आणि रोहितही. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. उजाडताना जा, दुर्बीण आणि डबा घ्या, मजूर कामाला लागेपर्यंत परत बागेत. दोन तासांची सहल, पण मोकळा माणूस दिसेल.

वाचनालयाची सभासद:
थंडीत निफाडचा पारा फार खाली येतो. कडाका वाढला की बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात, म्हणजे जागरण आलंच. तुम्ही शिक्षिका आहात, मोठ्याने वाचायची सवय असेल. सार्वजनिक वाचनालयातून त्यांच्या आवडीचं पुस्तक आणा (१८४० पासूनची संस्था आहे, जुन्या कादंबऱ्यांना तोटा नाही) आणि रोज थोडं वाचून व्हॉइस मेसेज पाठवा. माझे मिस्टर अंबडला कंपनीत रात्रपाळी करायचे, तेव्हा मी असं करायचे. जेवणाच्या सुट्टीत ऐकायचे आणि सकाळी येऊन पुढे काय होणार त्यावर माझ्याशी वाद घालायचे. लेकीलाही एखादं पान वाचायला द्या.

सिडकोवासी:
निफाडची सून यांचं वाचून माझा सल्ला मागे घेतो. रिसॉर्ट एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (माल निघाल्यावरची छाटणी).

गंगापूररोडकर:
सगळ्यांचे आभार, लेकीलाही वाचून दाखवलं. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी मळ्यावर जातोय, मुक्कामाला. पहाटे जमलं तर चापडगाव. पुस्तकाचं काम लेकीने आत्ताच स्वतःकडे घेतलंय. पासधारक दादा, तुमचं वाक्य मी माझ्या शब्दांत त्याला समोर बसून सांगणार आहे, मेसेजवर नाही. निफाडची सून, नोंदींची वही मला जमेल का? मला औषधांतलं काहीच कळत नाही, आणि मी शनिवार-रविवारच तिकडे असेन.

निफाडची सून:
जमेल. औषधाचं नाव डब्यावरून जसंच्या तसं उतरवायचं, कळण्याची गरज नाही, हळूहळू कळतंच. फुलस्केप वही घ्या, प्लॉटप्रमाणे पानं पाडा. आठवडाभर त्यांना डब्याच्या लेबलचा फोटो आणि प्लॉटचं नाव तेवढं पाठवायला सांगा, बाकी शनिवारी विचारून भरा. आणि सुरुवातीला त्यांचे खिसे आणि मोटारसायकलची डिकी तपासा, कृषी सेवा केंद्राच्या पावत्या तिथेच सापडतील. मागच्या निम्म्या नोंदी त्यावरूनच लागतात.