खुब्याच्या ऑपरेशननंतर आई वॉकर सोडून बाबांची काठी घेऊन चालतीय, काय करू?

गावभागातली लेक
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितीय. आई ७२ वर्षांची, आम्ही सांगलीत गावभागात राहतो. दिवाळीनंतर न्हाणीत पाय घसरून पडली, डाव्या खुब्याचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं त्याला आता अकरा आठवडे झाले. एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले आता पूर्ण वजन टाकायला हरकत नाही, हळूहळू काठीवर या. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला आणि कुठली काठी, किती उंच, कुठल्या हातात हे विचारायचं राहूनच गेलं.

घरी आल्या आल्या आईने वॉकर कोपऱ्यात ठेवला आणि बाबांची शिसवी काठी काढली. बाबा जाऊन चार वर्षं झाली, काठी तशीच दाराआड उभी होती. बाबा सहा फूट आणि आई पाच फूट पण नाही, त्यामुळे काठी धरली की तिचा खांदा वर जातो, आणि धरते पण डाव्याच हातात, दुखतंय डावीकडे म्हणून. ॲल्युमिनियमची आणू म्हटलं तर म्हणतीय "ती दवाखान्यातली काठी मला नको, आणि वॉकर घेऊन तर मी दारात पण येणार नाही, माणसं बघत्यात." घर जुनं, उंबरे उंच, दारात तीन पायऱ्या आणि धरायला काहीच नाही. भाऊ म्हणतो चार पायांची काठी घे, ती सगळ्यात सेफ. कोणी वापरलीय का? मला रात्री झोप लागत नाही हो, परत पडली तर काय या विचाराने.

मिरजेचा फिजिओ
ताई, आजच्या आज काठी उजव्या हातात द्या, बाकीचं नंतर. दुखतंय तिकडेच आधार हवा असं सगळ्यांनाच वाटतं, पण काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची असते. त्या डाव्या पायावर उभ्या राहतात तेव्हा उजवीकडची कंबर खाली कलू नये म्हणून डाव्या खुब्याचे स्नायू जोरात ओढून धरतात, आणि खुब्याच्या सांध्यावर खरा भार येतो तो या ओढीमुळे, नुसत्या वजनामुळे नाही. उजव्या हातात काठी असली की ती बाजू काठीने तोलली जाते, स्नायूंना तेवढं ओढावं लागत नाही, थोडासा दाब दिला तरी खुबा बराच हलका होतो. चालताना काठी आणि डावा पाय एकदम पुढे, मग उजवा.

उंचीचं असं आहे की घरात जी चप्पल घालतात ती घालून त्यांना सरळ उभं करा, हात मोकळे सोडायला सांगा, मनगटावर जिथे घडी पडते तिथे काठीची मूठ यायला हवी. मग धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं, साधारण २० ते ३० अंश. आता आहे तशी उंच काठी वापरली तर खांदा आणि मान धरणार, शिवाय तिच्यावर नीट जोर देताच येत नाही.

बाबांची काठी मात्र टाकून देऊ नका. कुठे तडा गेलाय का, कीड लागलीय का ते उजेडात बघा. चांगली असेल तर काठी उलटी करा, मूठ जमिनीवर टेकवून आईंच्या बाजूला धरा, मनगटाच्या घडीपाशी पेन्सिलने खूण करा, खाली जे रबर बसवणार त्याची जाडी तेवढी वजा करा आणि सुताराकडून कापून घ्या. रबर पाहिजेच, नुसतं लाकूड गुळगुळीत फरशीवर सरकतं.

चार पायांची काठी चारही पाय एकदम टेकले तरच उपयोगाची, म्हणजे चाल हळू असणाऱ्याला, किंवा लकवा होऊन एकच हात चालतो आणि वॉकर धरता येत नाही अशा माणसाला. तुमच्या वर्णनावरून आईंना ती लागेल असं वाटत नाही, पण मी त्यांना चालताना पाहिलेलं नाही, जवळच्या फिजिओला एकदा चालून दाखवाच. आणि काठी आली तरी वॉकर माळ्यावर टाकू नका. रात्री झोपेतून उठून बाथरूमला जाताना वॉकरच, तो पलंगाला लागून ठेवा.

पायऱ्यांना आधी पाईप बसवून घ्या, काठी विकत घ्यायच्या आधी. चढताना चांगला पाय पहिला, मग दुखरा आणि काठी. उतरताना काठी आणि दुखरा पहिला. उंबऱ्यालाही हाच नियम.

अजिंक्यताऱ्याखाली
आमच्या वडिलांना पार्किन्सन्स आहे म्हणजे केस वेगळी, पण चार पायांच्या काठीचा अनुभव सांगतो. साताऱ्यात आमच्या पेठेत एकतर चढ नाहीतर उतार, तिरक्या रस्त्यावर काठीचे तीनच पाय टेकायचे आणि चौथा हवेत. त्या काठीची रुंद बाजू अंगापासून बाहेर ठेवायची हे आम्हाला माहीतच नव्हतं, उलटी धरायला दिली, त्यात त्यांचाच पाय अडकला आणि थोडक्यात वाचले. मग पुण्याच्या भावाने चार चाकांचा सीटवाला वॉकर पाठवला, तर त्यावर भार टाकला की तो उताराला पुढे पळतो आणि ब्रेक दाबेपर्यंत माणूस ओढला जातो. शेवटी पुढच्या दोन पायांना चाकं असलेला साधा वॉकर घेतला, तो उचलावा लागत नाही म्हणून त्यांची लय तुटत नाही. दारापाशी त्यांचे पाय फरशीला चिकटल्यासारखे व्हायचे, तिथे फिजिओने रंगीत चिकटपट्टी आडवी मारायला सांगितली, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल निघतं. सांगायचं एवढंच की भावाचं ऐकून घेऊ नका, आईला बरोबर न्या आणि दुकानात चालवून बघा.

वाईच्या काकू
अगं पोरी, मी ६८ ची, गुडघ्यामुळे सहा वर्षं काठी वापरते. त्याआधी दोन वर्षं लाजेने घरात बसून काढली, हळदीकुंकू नाही, लग्न नाही, कृष्णेचा घाट घरापासून इतका जवळ पण तिथेही नाही. ती दोन वर्षं मला अजून आठवतात. आईला "काठी घे, काठी घे" असं सगळ्यांदेखत म्हणू नकोस, निघताना गुपचूप हातात दे आणि तिच्या चालीने चाल, आम्हाला लाज काठीची कमी आणि मागे पडायची जास्त वाटते. सहावारी जरा वर नेसायला सांग, निऱ्या काठीत येतात. साध्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेलं सँडल. घरातली पायपुसणी आणि दुमडलेली सतरंजी आधी उचल.

तासगावकर
खर्चाचं कोणाला अडत असेल तर, केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, ६० वर्षांवरच्या कमी उत्पन्नवाल्यांना शिबिरात तपासून काठी, वॉकर, कुबड्या फुकट देतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री २०२४ मध्ये आली, ६५ वर्षं पूर्ण आणि घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर ३००० रुपये एकदाच, थेट खात्यावर. समाजकल्याणच्या ऑफिसात चौकशी करा.

गावभागातली लेक
दहा दिवसांनी लिहितीय, सगळ्यांचे खूप आभार. पाईप बसला. काठी कापायची म्हटल्यावर आई दोन दिवस बोलली नाही, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली बोलव सुताराला. साडेपाच इंच कापावी लागली. ती समोर खुर्ची टाकून बघत बसली होती, कापलेला तुकडा मागून घेतला आणि कपाटात ठेवला. फिजिओकडे जाऊन आलो, काठी चालेल म्हणाले, मूठ तेवढी जाड करून घेतलीय कापड गुंडाळून. उजव्या हातात धरायची सवय व्हायला चार दिवस गेले, आता खांदा वर जात नाही. परवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेली, मी शेजारी, तिच्याच चालीने. रात्री वॉकर घेते, कुरकुरत का होईना. एक राहिलं विचारायचं, खालचं रबर किती दिवसांनी बदलायचं?

मिरजेचा फिजिओ
कापडाचं बरोबर केलंत ताई, पण ते सैल होऊन फिरत नाही ना बघत जा. रबराचे दिवस मोजू नका, दर रविवारी उलटं करून बघा, खालच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या किंवा एका बाजूने जास्त झिजलं की बदला. दोन जास्तीची आणून ठेवा, पावसाळ्याआधी एक नवीन घाला.