'जॉयफुल नॉइझ'ला मराठीत काय म्हणायचं?

कानामात्रा: चर्चमधल्या उपासनासंगीतावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. 100व्या स्तोत्राची सुरुवात 1611च्या इंग्रजी बायबलात 'मेक अ जॉयफुल नॉइझ' अशी आहे. मराठीत 'जयजयकार करा'. पण लेखकाचा सगळा भर 'नॉइझ'वर आहे: सूर लागो न लागो, मोकळ्या गळ्यानं गा. जयजयकारात ते येत नाही. मी 'जल्लोष' लिहिलं, तर संपादक म्हणतात, तो मॅच जिंकल्यावर होतो!

पूर्णविराम: बरोबरच आहे त्यांचं. 'आनंदघोष' करा. उपासनेला शोभेल.

तिरपागडा: आनंदघोष छापतात, बोलत कुणी नाही. आणि शोभण्याचं काय घेऊन बसलात? मूळ हिब्रू क्रियापदाच्याच धातूतला 'तेरूआ' रणशिंगासाठी येतो, युद्धाच्या आरोळीसाठीही. बायबलातल्या यरीहो शहराचा तट कोसळला तेव्हाची लोकांची गर्जना तीच. सरळ 'आरोळी' लिहा.

पूर्णविराम: आरोळी ठोकतात. देवापुढे?

झांजपथक: माझी आत्या म्हणायची, 'जयघोष' घासून घासून 'जल्लोष' झाला.

पूर्णविराम: आणि 'य'चा 'ल्ल' कुठल्या नियमानं?

झांजपथक: नियम आत्याला विचारला नाही. कानाला पटतं.

अर्धमात्रा: लॅटिनमध्ये इथे 'युबिलाते' आहे, त्याकडे कुणी बघेल का? संत ऑगस्टीननं त्यावर सुंदर लिहिलंय. पीक कापताना, द्राक्षमळ्यात राबताना माणसांचा आनंद शब्दांत मावेनासा होतो, मग ती शब्द सोडून नुसत्या स्वरांत गातात, तो 'युबिलस'. पुढे 'आलेलुया' (परमेश्वराची स्तुती करा) या घोषाच्या शेवटच्या 'आ'वर घेतलेल्या लांब तानेलाही हेच नाव पडलं. म्हणजे गोंगाट नाही, घोषणाही नाही, आलापाच्या जवळचं काहीतरी.

झांजपथक: म्हणजे ज्युबिली यातूनच आली! सिल्व्हर, गोल्डन...

अर्धमात्रा: नाही हो. ती हिब्रू 'योबेल'वरून, म्हणजे मेंढ्याच्या शिंगावरून. लॅटिनमध्ये शिरताना 'युबिलारे'शी, म्हणजे 'युबिलाते'च्या मूळ क्रियापदाशी, गल्लत होऊन रूप बदललं, एवढंच.

झांजपथक: शिंग फुंकलं की आवाज होतोच ना? मग एकच झालं.

कानामात्रा: मंडळी, 'आलाप' लिहिला तर 'नॉइझ' गेला की.

पूर्णविराम: जाऊ दे. आनंद म्हणजे दणदणाट हा हल्लीचा समज. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी आजही वाद्यांशिवाय गातात. अशा गाण्याला म्हणतात त्या 'अ कापेला'चा अर्थच मुळी 'चॅपेलच्या रीतीनं'. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक झ्विंग्लीच्या काळात झुरिकच्या चर्चमधले ऑर्गनसुद्धा काढले गेले.

तिरपागडा: आणि 150व्या स्तोत्रातले कर्णे, डफ, तंतुवाद्यं, झांजा? त्या काय हळू आवाजात वाजवायच्या?

झांजपथक: झांजांना अनुमोदन.

पूर्णविराम: त्या यरुशलेमच्या ज्यू मंदिरातल्या. नव्या करारातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत झांज दाखवा.

तिरपागडा: मनाई दाखवा.

अर्धमात्रा: गंमत म्हणजे आनंद कधी आवरायचा यावरही एकमत नाही. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात रोमन कॅथलिक विधीत 'आलेलुया' बंद असतो आणि ईस्टरच्या जागरणाला परत येतो. ऑर्थोडॉक्स उपासनेत त्याच काळात तो जास्त ऐकू येतो.

पूर्णविराम: 'हालेलूया' लिहा. हिब्रूत 'ह' आहे.

अर्धमात्रा: तो ग्रीकमध्येच गळला. लॅटिन विधीबद्दल बोलताना 'आलेलुया'च.

झांजपथक: आत्या 'हल्लेलुया' म्हणायची, डबल 'ल'.

पूर्णविराम: या वेळी आत्या बरोबर. हिब्रूत तिथे खरंच द्वित्त आहे.