हलव्याचे दागिने घरी करून विकायचे आहेत : सुरुवात कशी करावी?

रानजाई (नाशिक)

नमस्कार. माझ्या सासूबाई हलव्याचे दागिने फार सुरेख करतात. आजवर त्यांनी ते नात्यातल्या नव्या सुनांच्या पहिल्या संक्रांतीसाठी आणि बाळांच्या बोरन्हाणासाठी केवळ भेट म्हणून केले. येत्या संक्रांतीला मात्र आम्ही दोघींनी मिळून थोडे दागिने विकायचे ठरवले आहे आणि त्यांच्यासोबत तिळगुळाच्या मऊ वड्यांचे पाव-पाव किलोचे डबेही द्यावेत, असा विचार आहे. दागिन्यांसाठी हलवा घरीच करावा की विकत आणावा, तो ओलसर होऊन विरघळू नये म्हणून काय काळजी घ्यावी, किंमत कशी ठरवावी आणि खाद्यपदार्थ विकायचे असल्यास कोणती नोंदणी लागते, याविषयी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. प्रत्येक दाणा दोऱ्याच्या गाठीत बांधलेला असावा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला नसावा, असा सासूबाईंचा आग्रह आहे. मला तो मनापासून पटतो. परंतु त्याला लागणारा वेळ पाहता विक्रीसाठी ही पद्धत झेपेल का, हीच मुख्य शंका आहे.

शेगडी (पुणे)

रानजाईताई, सासूबाईंचा आग्रह अवश्य पाळावा. आपल्या दागिन्यांची ओळख त्या गाठींमुळेच होणार आहे. पुठ्ठ्यावर चिकटवलेले दागिने बाजारात भरपूर मिळतात; गाठीतले दागिने करणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

हलवा करणे हे दागिने करण्याइतकेच वेळखाऊ काम आहे, हे आधी लक्षात घ्यावे. साखर बुडेल इतके पाणी घालून पाक उकळत ठेवावा, त्यात चमचाभर दूध घालावे आणि वर येणारी मळी काढून टाकावी. लिंबाच्या रसाचे थोडे थेंब घातले की पाक लगेच साखरत नाही. हा पाक पातळच ठेवायचा असतो. नंतर परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन, खाली अगदी मंद आच ठेवून, चमच्याने थोडा थोडा पाक सोडत बोटांच्या टोकांनी दाणे सतत फिरवत राहावे लागते, आणि आधीचा पाक पूर्ण सुकल्याशिवाय पुढचा चमचा घालायचा नसतो. घाईने जास्त पाक घातला की दाणे एकमेकांना चिकटतात आणि आलेला काटा बसून जातो. परातीत साखरेचा भुगा जमतो, तो मधूनमधून चाळून काढावा आणि पुन्हा पाकात वापरावा. हे काम रोज थोडे थोडे करत काही दिवस चालते. हवा कोरडी आणि थंड असेल तर काटा चांगला उठतो. म्हणून नाशिकची डिसेंबरातली पहाट या कामाला फार सोयीची आहे.

माझे मत असे, की पहिल्या वर्षी बहुतेक हलवा खात्रीच्या दुकानातून घ्यावा आणि तन्मणी, नथ, बिंदी अशा नजरेत भरणाऱ्या दागिन्यांपुरता घरी करावा. विकत घेताना दाणा पांढराशुभ्र, काटेरी आणि भुगा न सुटणारा आहे ना, हे पाहावे. काटा नसलेल्या गुळगुळीत दाण्यावर गाठ टिकत नाही, दोरा घसरतो. घरी आणल्यावर दाणे आकारानुसार वेगळे करून ठेवले की ओवणाऱ्या हाताचा बराच वेळ वाचतो.

कोकणकडा (रत्नागिरी)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी ओलाव्याविषयी लिहिते, कारण आमच्याकडे समुद्राच्या हवेमुळे हाच प्रश्न सर्वांत मोठा आहे. साखर हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे हलवा उघड्यावर राहिला की काटे मऊ पडतात आणि दोरा पिवळसर दिसू लागतो. तयार दागिना घट्ट झाकणाच्या डब्यात, कोऱ्या पांढऱ्या कागदात ठेवावा. फ्रिजमध्ये कधीही ठेवू नये, कारण बाहेर काढल्याबरोबर त्यावर दव धरते. सिलिका जेलच्या पुड्या वापरणार असाल तर त्या डब्याच्या झाकणाला आतून पक्क्या चिकटवाव्यात, म्हणजे त्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत. डबा मुंग्यांपासून दूर ठेवावा, हे वेगळे सांगायला नको.

बोरन्हाणाच्या दागिन्यांबद्दल मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते. म्हणून त्याच्या मुकुटात, बाजूबंदात किंवा बासरीत तार, टाचणी, सुटे मणी आणि चमकी अजिबात असू नयेत. दागिने मऊ सॅटिनच्या फितीने सैल बांधता यावेत आणि कार्यक्रम संपताच काढून ठेवावेत. एकेक दाणा ओढून पाहिल्याशिवाय दागिना डब्यात भरू नये. बाळाच्या डोक्यावरून ओततानाही बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे यांत अख्खे शेंगदाणे आणि हलव्याचे टणक दाणे मिसळलेले असतात. ते वेचायला जमणाऱ्या चिमुकल्यांच्या घशात अडकू शकतात. डब्यासोबत याविषयी दोन ओळींची सूचना छापून दिली, तर आईवडील निश्चितच आभार मानतील.

हिशेबनीस (ठाणे)

किंमत ठरवताना आपल्याकडे स्त्रिया स्वतःच्या वेळेचे पैसे धरत नाहीत आणि मग मोसम संपल्यावर हातात काहीच उरत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. प्रथम एक पूर्ण संच सासूबाईंकडून करून घ्यावा आणि त्याला लागलेले तास लिहून ठेवावेत. हलवा, दोरा, जर, फीत आणि खोका यांच्या खर्चात त्या तासांचे मोल मिळवावे, तुटफुटीसाठी काही भाग धरावा आणि त्यावर नफा लावावा. येणारा आकडा पुठ्ठ्यावरच्या दागिन्यांपेक्षा बराच जास्त असेल. तो कमी करू नये. कमी पैशांत हवे असणाऱ्यांसाठी नुसते मंगळसूत्र आणि कानातले, किंवा जावयासाठी फक्त हार आणि हलव्याने मढवलेला नारळ, असे छोटे संच ठेवावेत. मागणी घेताना निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि डिसेंबरच्या मध्यावर नवी मागणी बंद करावी.

वड्यांच्या बाबतीत, घरगुती विक्रेत्यालाही अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी करावी लागते. तिचा अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि मिळणारा १४ अंकी क्रमांक डब्यावर छापायचा असतो. त्याशिवाय पदार्थाचे नाव, घटक (ज्याचे प्रमाण जास्त तो आधी), निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावे, करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह द्यावे. तीळ आणि शेंगदाणे हे दोन शब्द ठळक असावेत, कारण काहींना त्यांची तीव्र ॲलर्जी असते. दागिने डिंक लावून केले असतील, तर ते खाण्यासाठी नाहीत असे स्पष्ट लिहावे; प्रसाद म्हणून वाटायला हलव्याची वेगळी पुडी सोबत द्यावी.

परदेशस्थ (न्यू जर्सी)

आमच्याकडे मराठी कुटुंबांत बोरन्हाणे हौसेने होतात आणि भारतातून दागिने मागवणारे बरेच आहेत. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा समावेश मुख्य ॲलर्जीकारक घटकांत झाला आहे, त्यामुळे वेष्टनावर तिळाचा उल्लेख नसेल तर तो माल येथे अडचणीचा ठरतो. माझी विनंती अशी, की परदेशी मागणी पहिल्या वर्षी घेऊच नये. प्रवासात काटे झडतात आणि कुरियरचा खर्च दागिन्याच्या किमतीशी स्पर्धा करतो.

रानजाई (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाळाच्या दागिन्यांत जरीची तार वापरायची नाही, हे सासूबाईंनी वाचताक्षणीच मान्य केले. मोजकेच संच करायचे आणि सगळे गाठीतले, असे आम्ही ठरवले आहे. आता एकच शंका उरली आहे : वड्या दुसऱ्या दिवशी कडक होतात, त्याला उपाय काय?

शेगडी (पुणे)

ताई, चिक्कीचा गूळ टाळावा, साधा गूळ घ्यावा. एक वाटी तीळ खमंग भाजून भरड कुटावेत, त्यात अर्धी वाटी दाण्याचे कूट मिसळावे. एक वाटी चिरलेला गूळ चमचाभर तुपात वितळवावा आणि त्याला फेस येऊ लागताच आच बंद करावी. पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी झाली पाहिजे. टणक गोळी झाली, तर वडी कडक होणार हे नक्की. कूट आणि वेलदोड्याची पूड घालून मिश्रण तूप लावलेल्या ताटात लगेच थापावे, वर सुके खोबरे भुरभुरावे आणि कोमट असतानाच वड्या पाडाव्यात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचे झाकण लावू नये, नाहीतर आत वाफ धरते.