मदत हवी आहे: शोधनिबंध समीक्षकांपर्यंत पोहोचण्याआधीच परत येतो आहे

कातळवाट
नमस्कार. माझा एक शोधनिबंध एका परदेशी जर्नलकडे पाठवला असून तो समीक्षकांकडे न जाताच पुन्हा पुन्हा परत येत आहे. दर वेळी कारण एकच, की मांडणी नियमांप्रमाणे नाही. वास्तविक मजकूर त्यांच्याच साच्यात बसवलेला आहे, संदर्भ त्यांच्याच पद्धतीने दिलेले आहेत आणि शब्दमर्यादाही पाळलेली आहे. प्रबंध सादर करण्याची मुदत जवळ आली आहे आणि त्याआधी निबंध स्वीकारल्याचे पत्र हातात असणे आवश्यक आहे. अशा वेळी हाच निबंध दुसरीकडेही पाठवून ठेवला तर चालते का, आणि चालत असल्यास लवकर निर्णय देणारे जर्नल कोणते, एवढेच मला विचारायचे आहे. ‘लेखकांसाठीच्या सूचना नीट वाचा’ असा सल्ला कृपया कोणी देऊ नये. त्या आता पाठ झाल्या आहेत.

नीरजा_पुणे
विषय कोणता, पेपर परत करणारे संपादक आहेत की संपादकीय कार्यालय, आणि पत्रातले नेमके शब्द काय आहेत, हे कळल्याशिवाय काहीही सांगणे कठीण आहे. संपादकांनी नाकारलेला पेपर आणि कार्यालयाने तांत्रिक तपासणीत परत केलेला पेपर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात पेपरचा क्रमांक सहसा तोच राहतो आणि दुरुस्ती करून त्याच नोंदीत फाइल पुन्हा चढवता येते. आपल्या बाबतीत यांपैकी काय घडले आहे?

जुनाजाणता
आपण ‘परदेशी जर्नल’ एवढेच लिहिले आहे, म्हणून आधी विचारतो, की त्यांनी पैसे मागितले आहेत का? हल्ली आठवड्यात छापून देतो असे सांगून लेखकाकडून शुल्क उकळणाऱ्या बोगस जर्नलांचा सुळसुळाट झाला आहे. पूर्वी निदान यूजीसी केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलांची, यादी दाखवून विद्यार्थ्याला सावध करता येत असे. 2025 च्या फेब्रुवारीत आयोगाने ती यादीच बंद केल्याचे जाहीर केले आणि चांगले-वाईट ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि महाविद्यालयांवर सोपवली. आमच्या काळी टंकलिखिताच्या तीन प्रती आणि काळ्या शाईने ट्रेसिंग पेपरवर काढलेल्या आकृत्या रजिस्टर्ड टपालाने जात, उत्तर यायला सहा-सहा महिने लागत, परंतु फसवणूक होत नसे.

कातळवाट
जुनाजाणता सर, कोणीही पैसे मागितलेले नाहीत आणि जर्नल स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीत आहे, त्यामुळे तो प्रश्न येथे उद्भवत नाही. विषय वनस्पतिशास्त्राचा असून कोकणातील सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ डबक्यांतील वनस्पतींची नोंद हा निबंधाचा गाभा आहे. परत कोण करते ते ठाऊक नाही, पण क्रमांक तोच आहे. आकृत्यांबद्दल काहीतरी लिहिले आहे असे समजते. मात्र आमची सर्व छायाचित्रे 24 मेगापिक्सेलच्या डीएसएलआर कॅमेऱ्याने काढलेली असल्यामुळे तो आक्षेप मला पटत नाही. दुसरीकडे पाठवण्याविषयी कोणीच सांगितले नाही.

लेटेकवाला
या सगळ्या त्रासाचे मूळ वर्डमध्ये आहे. मी गेली अनेक वर्षे लेटेक या मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीशिवाय एक ओळही लिहीत नाही. संदर्भ तिच्या बिबटेक या संदर्भसूचीच्या साधनात ठेवले, की जर्नल बदलले तरी एक ओळ बदलून संपूर्ण सूची नव्या पद्धतीने तयार होते आणि आकृतीचे क्रमांक आपोआप सांभाळले जातात. जर्नलची क्लास फाइल, म्हणजे त्यांचा मांडणीचा साचा, उतरवून घ्या आणि एक शनिवार-रविवार त्यासाठी द्या, म्हणजे मांडणीची तक्रार कायमची संपेल.

दूर्वांकुर
लेटेकवाल्यांचा उत्साह समजतो, परंतु वनस्पतींच्या वर्गीकरणाशी संबंधित बहुतेक जर्नले आजही वर्डची फाइल मागतात. शिवाय छायाचित्रांच्या प्लेटमध्ये, म्हणजे एकत्र जुळवलेल्या चित्रपानात, दोष असेल तर तो लेटेकमध्ये गेल्याने नाहीसा होत नाही, तसाच्या तसा तेथेही दिसतो. गणिताच्या पेपरला जे लागू पडते ते हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहावर आधारलेल्या, पेपरला लागू पडेलच असे नाही.

लेटेकवाला
मी मांडणीविषयी बोललो, छायाचित्रांविषयी नाही, आणि मूळ तक्रारही मांडणीचीच होती.

अटलांटिकपार
कातळवाट, आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. एकच पेपर एकाच वेळी दोन ठिकाणी विचारार्थ पाठवणे हा प्रकाशन-नीतीचा भंग समजला जातो, आणि सादर करताना ‘हे लेखन अन्यत्र विचाराधीन नाही’ अशा विधानावर आपण खूण केलेलीच असते. आपला विषय इतका लहान आहे, की दोन्ही संपादक एकाच समीक्षकाला विचारण्याची शक्यता बरीच मोठी आहे. दुसरीकडे जायचेच असेल तर आधी लेखी विनंती करून पेपर मागे घ्या आणि तो मागे घेतल्याची पोच आल्यावरच पुढे पाठवा. दरम्यान बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीचा मसुदा, टाकून ठेवावा असे मी सुचवेन. त्याने तारीख तरी आपल्या नावावर लागते.

दूर्वांकुर
प्रीप्रिंटचा सल्ला येथे सरसकट देऊ नये. निबंधात नवीन जातीचे वर्णन असेल तर ते आधी प्रीप्रिंटवर टाकल्याने विनाकारण घोळ होतो. 2012 पासून वनस्पती-नामकरण संहितेने इलेक्ट्रॉनिक प्रकाशन मान्य केले असले तरी ते पीडीएफ स्वरूपात आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन हा प्रकाशन-क्रमांक असलेल्या प्रकाशनातच व्हावे लागते, आणि प्राथमिक मसुदा त्यात धरला जात नाही. नाव लोकांसमोर आलेले, पण संहितेच्या दृष्टीने प्रकाशित न झालेले, अशी त्रिशंकू अवस्था होते. कातळवाट, नवीन जात आहे का? आणि नमुने कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवले आहेत?

अटलांटिकपार
नवीन जातीचा अपवाद मान्य आहे, परंतु त्यांनी ‘नोंद’ असे लिहिले आहे. साध्या नोंदीच्या पेपरला प्रीप्रिंटने अपाय होत नाही. फक्त ते विशिष्ट जर्नल त्याला हरकत घेते का, हे पाहावे लागते.

कातळवाट
नवीन जात नाही. नमुने आमच्या महाविद्यालयात आहेत. कृपया आकृत्यांबद्दल आणि मुदतीबद्दल बोलावे.

विद्यापीठवारी
मुदतीबद्दल सांगतो. पीएचडीच्या प्रबंधाआधी शोधनिबंध प्रकाशित करण्याची सक्ती यूजीसीच्या 2022 च्या विनियमांतून काढून टाकली आहे. आपण उगाच धावपळ करत आहात.

नीरजा_पुणे
हे अर्धेच खरे आहे. 2022 ची अधिसूचना निघण्याआधी ज्यांची नोंदणी झाली त्यांना आधीचे, म्हणजे 2009 चे किंवा 2016 चे विनियम लागू राहतात, आणि 2016 च्या विनियमांत एक शोधनिबंध आणि परिषदांतील दोन सादरीकरणे यांची अट होतीच. शिवाय विद्यापीठाला स्वतःची अट ठेवता येते. तेव्हा आपल्या नोंदणीची तारीख घेऊन पीएचडी विभागातच विचारावे हे बरे.
आता आकृत्या. कातळवाट, आपण ‘लिहिले आहे असे समजते’ असे म्हणता. आपण ते पत्र स्वतः वाचलेले आहे का?

कातळवाट
नोंदणी 2021 ची आहे, त्यामुळे अट लागू आहे. हे मला ठाऊक होते म्हणूनच लिहिले नव्हते. करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारे लेखक, आमचे सर आहेत, त्यामुळे पत्रे त्यांच्या ईमेलवर येतात आणि ते फोनवर सांगतात. पत्र वाचल्याने काय वेगळे कळणार आहे?

नीरजा_पुणे
सर्व काही तेथेच कळणार आहे. सरांना ते पत्र जसेच्या तसे पुढे पाठवायला सांगा. तोवर एवढे सांगा, की छायाचित्रांची प्लेट कोणी, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवली, ती कोणत्या स्वरूपात साठवली, आणि फाइलच्या गुणधर्मांत लांबी-रुंदीचे पिक्सेल किती दिसतात.

जुनाजाणता
मला एक समजत नाही. पावसात सड्यावर गुडघे टेकून ज्याने नखाएवढ्या वनस्पती शोधल्या, त्याच्या पेपरला एखादा कारकून पिक्सेल मोजून परत पाठवतो, यात विज्ञान कोठे आहे? आधी समीक्षकाने मजकूर पाहावा, मग चित्रांचे पाहता येईल. मी संपादक मंडळावर असताना आम्ही असेच करत होतो.

दूर्वांकुर
सर, आपल्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि काही मोठ्या प्रकाशकांनी पहिल्या सादरीकरणापुरती मांडणीची सक्ती खरोखरच सैल केली आहे. पण या विषयात छायाचित्र हाच पुरावा असतो. सड्यांवरच्या गेंद या वनस्पतीच्या दोन जाती वेगळ्या ओळखायच्या तर फुलाच्या बारीक भागांवरची लव आणि बीजाचा पृष्ठभाग दिसावा लागतो. ते धूसर असेल तर समीक्षक तरी काय तपासणार?

कातळवाट
प्लेट प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याने पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर जुळवून पीएनजी म्हणून साठवली, त्यानंतर फोटोशॉपमध्ये रिझोल्यूशनच्या रकान्यात 300 घालून टिफ स्वरूपात साठवली. फाइलवर 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) असे स्पष्ट दिसते. पिक्सेल 1280 बाय 720 आहेत.

नीरजा_पुणे
अडचण येथेच आहे. पॉवरपॉइंट नेहमीच्या रुंद स्लाइडचे चित्र बाहेर काढताना ते 96 डीपीआयने काढते. स्लाइड 13.33 इंच रुंद असते, म्हणून 1280 पिक्सेल मिळतात, मग आत ठेवलेला फोटो 24 मेगापिक्सेलचा असो वा दोनचा. त्यानंतर फोटोशॉपमध्ये केवळ 300 हा आकडा बदलला, की पिक्सेल वाढत नाहीत, छापील आकार लहान झाल्याची नोंद तेवढी होते. जर्नलच्या पानाची पूर्ण रुंदी 17 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 6.7 इंच धरली, तर 1280 पिक्सेल तेथे इंचाला जेमतेम 191 पडतात. त्यांना 300 हवे असतील तर त्या रुंदीला 2000 हून थोडे अधिक पिक्सेल लागतात. ‘रिसँपल’ करून आकडा फुगवू नका. त्याने पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही, आणि ते नजरेला लगेच कळते.
करायचे ते असे. कॅमेऱ्यातील मूळ फाइली मिळवा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या नकोत, कारण तेथे त्या आक्रसतात. गिंप किंवा इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये 17 सेंटिमीटर रुंदीचा कॅनव्हास 300 डीपीआयला उघडा आणि त्यावर मूळ फोटो बसवा. आपला फोटो साधारण 6000 पिक्सेल रुंद असणार, त्यामुळे अर्ध्या रुंदीच्या चौकटीत तो लहान करूनच ठेवावा लागेल. मोजपट्टी प्रत्येक चौकटीत द्या. ‘दहापट मोठे’ असे मथळ्यात लिहिणे निरर्थक आहे, कारण छापताना आकार बदलतो. आणि प्लेट वर्डच्या फाइलमध्ये चिकटवून पाठवू नका, कारण वर्डही साठवताना चित्रे दाबतो. स्वतंत्र टिफ चढवा.

लेटेकवाला
हेच मी म्हणत होतो, की वर्ड चित्रे दाबतो.

कातळवाट
मूळ फाइली कॅमेऱ्याच्या कार्डावर आहेत, प्लेट पुन्हा करतो. सरांनी पत्र पाठवले. त्यात आकृत्यांच्या रिझोल्यूशनखेरीज आणखी एक मुद्दा आहे: नमुन्यांचे नोंदणी क्रमांक आणि ते जेथे ठेवले त्या हर्बेरियमचे मान्य संक्षिप्त नाव द्यावे. फोनवर याचा उल्लेख झाला नव्हता. आमच्या महाविद्यालयाच्या हर्बेरियमला असे नाव नाही.

दूर्वांकुर
मी तेच विचारले होते. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन जी ‘इंडेक्स हर्बेरिओरम’ ही सूची चालवते, तिच्यात नोंद असलेल्या हर्बेरियमचे नाव त्यांना हवे आहे. आपल्या जवळपास पुण्याचे भारतीय वनस्पति सर्वेक्षण म्हणजे ‘बीएसआय’, तेथीलच आघारकर संशोधन संस्थेचे ‘एएचएमए’, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे ‘एसयूके’ आणि मुंबईच्या सेंट झेवियर्सचे ‘ब्लॅट’ ही नावे त्या सूचीत आहेत. जाण्याआधी तेथील प्रमुखांना पत्र लिहून नमुने स्वीकारतील का, ते विचारा. नमुना चिकटवलेल्या प्रत्येक शीटवर ठिकाण, तारीख, संग्राहकाचे नाव आणि क्षेत्रक्रमांक असलाच पाहिजे. आपल्या वनस्पती नाजूक आहेत. सीतेची आसवे या वनस्पतीची फुले वर्तमानपत्रात एकदा चिकटली, की पाकळ्यांचा आकार कळत नाही. म्हणून फुले स्पिरिटमध्ये ठेवलेली असतील तर तीही सोबत द्या. सर्व जातींचे नमुने आहेत ना, की काहींची नुसती छायाचित्रे आहेत?

कातळवाट
दोन जातींची केवळ छायाचित्रे आहेत. बाकीच्यांच्या शीट आहेत.

दूर्वांकुर
मग त्या दोन जाती मुख्य यादीतून काढाव्यात, किंवा ‘केवळ छायाचित्रावरून’ असे स्पष्ट लिहून वेगळ्या परिच्छेदात घ्याव्यात. नमुना नसलेली नोंद यादीत राहिली, तर समीक्षक पहिला आक्षेप तिच्यावरच घेईल.

जुनाजाणता
काढू नका. पुढच्या पावसाळ्यात नमुने गोळा करा आणि मग सगळे एकत्र छापा. घाईने छापलेला पेपर आयुष्यभर नडतो.

विद्यापीठवारी
सर, त्यांची मुदत पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबणार नाही. त्या दोन जातींवर नंतर स्वतंत्र टिपण लिहिता येईल.

अटलांटिकपार
सोबतच्या पत्रात कार्यालयाने मांडलेला प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवून त्याखाली आपण काय बदलले ते पृष्ठ आणि ओळ यांसह लिहा. ‘सर्व सूचनांचे पालन केले आहे’ एवढेच लिहिले तर तपासणाऱ्याला पुन्हा सगळे शोधत बसावे लागते.

कातळवाट
शिवाजी विद्यापीठाने नमुने स्वीकारले, क्रमांक मिळाले. त्या दोन जाती वेगळ्या परिच्छेदात घेतल्या. सरांच्या सांगण्यावरून त्यांच्याच खात्यातून नव्या फाइली मी चढवल्या आणि प्रणालीने सर्वांची मिळून एक पीडीएफ तयार केली आहे. आता तेथे ‘लेखकाच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत’ असे दिसते. हे त्यांच्याकडचे काम आहे ना? किती दिवस लागतात?

नीरजा_पुणे
ते त्यांच्याकडचे काम नाही. पीडीएफ उघडून, प्लेट नीट उमटली आहे ना हे पाहून करस्पाँडिंग ऑथरने मंजुरीचे बटण दाबायचे असते, आणि तोपर्यंत पेपर जर्नलकडे गेलेलाच नसतो. सरांना आजच फोन करा.